न थकणारा साथीदार

गाणे किंवा एखादे वाद्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याची एक अडचण ठरलेली असते. शिकवणीच्या तासाला ठेका धरायला तबला असतो, सूर धरायला पेटी असते. घरी आले की आपण एकटे. बासरी असो, माउथ ऑर्गन असो, की गिटार, एकट्याने वाजवताना लय हळूहळू पुढे पळू लागते. आणि ती पळाली हे आपल्याला कळतही नाही. कारण ताडून पाहायला दुसरे काही नसतेच. गाडी किती वेगाने चालली आहे हे बाहेरची झाडे पाहिल्याशिवाय कळत नाही, तसेच हे आहे.

आज शाळेतल्या संगणकावर, किंवा घरच्या मोबाइलवरही, अशी साथ स्वतः तयार करता येते. आपण फक्त स्वरसमूहांची नावे आणि लय सांगायची. ढोल, खर्जातला स्वर आणि मधली भरणी संगणक करतो. मग त्या साथीबरोबर आपल्याला हवे तितका वेळ वाजवत बसता येते. पाश्चात्त्य जॅझ वादक एकत्र जमून असे मनमोकळे वाजवतात, त्याला ‘जॅमिंग’ म्हणतात. यंत्राबरोबरचे जॅमिंग कसे चालते, त्यात कोणते भौतिकशास्त्र दडले आहे, आणि या साथीदाराला काय येत नाही, ते आपण पाहू.

तबकडीपासून आकड्यांपर्यंत

साथीदार मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे. १९५० मध्ये अमेरिकेत ‘म्युझिक मायनस वन’ या नावाने ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. त्यांत सगळा वाद्यवृंद वाजे, फक्त एक वाद्य मुद्दाम वगळलेले असे. ती रिकामी जागा शिकणाऱ्याने घरी बसून भरायची. १९५९ मध्ये वुर्लित्झर कंपनीने ‘साइडमॅन’ नावाचे ठेका धरणारे यंत्र आणले. त्यात फिरत्या चकतीवरील विद्युत-संपर्कांमुळे ढोल-झांजांसारखे आवाज ठरलेल्या क्रमाने उमटत. १९६७ पासून जेमी एबरसोल्ड या जॅझ सॅक्सोफोनवादकाने खास सरावासाठी साथीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या.

आपल्याकडे हीच कल्पना ‘लेहऱ्या’च्या रूपाने फार पूर्वीपासून आहे. तबल्याचे एकल वादन चालू असताना सारंगीवर किंवा पेटीवर एका आवर्तनाची एकच चाल पुन:पुन्हा वाजवत राहतात. तबलजी कितीही गुंतागुंतीचे बोल वाजवत असला, तरी लेहऱ्यावरून समेची जागा त्याला कळते. साथीचा गाभा हाच : न बदलणारे काहीतरी वाजत असेल, तरच आपण किती बदललो हे समजते.

ध्वनिमुद्रिकेला मात्र एक मर्यादा होती. शिकणाऱ्याला लय जड जाते म्हणून तबकडी किंवा फीत दहा टक्के हळू फिरवली, तर प्रत्येक कंपनाला लागणारा वेळही वाढतो आणि सूर उतरतो. दहा टक्क्यांनी तो जवळजवळ पूर्ण एक स्वर खाली येतो. म्हणजे लय सोपी झाली, पण पट्टी बिघडली! लय आणि सूर हे दोन्ही एकाच चाकाला बांधलेले होते.

ही गाठ सोडवायचा एक मार्ग म्हणजे आवाज साठवण्याऐवजी सूचना साठवणे. ‘अमुक स्वर, अमुक वेळी, इतक्या जोराने’ एवढेच लिहून ठेवायचे आणि आवाज त्या क्षणी तयार करायचा. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक सामाईक संकेत ठरवण्यात आला. त्याचे नाव ‘मिडी’. या संकेताच्या आधारे कॅनडातील पीटर गॅनन यांच्या कंपनीने १९९० मध्ये ‘बँड-इन-अ-बॉक्स’ ही आज्ञावली बाजारात आणली. स्वरसमूहांची नावे टंकलिखित करा, शैली निवडा, आणि साथ ऐका. आज या जातीच्या अनेक आज्ञावली आहेत, पण सर्वांचे मूळ तत्त्व तेच आहे.

स्वरांना क्रमांक

मिडीमध्ये प्रत्येक स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो. पेटीवर मध्य सप्तकातील पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘सी’, हिचा क्रमांक ६०. शेजारची काळी एक ६१, पांढरी दोन ६२, याप्रमाणे. बारा पट्ट्या पुढे गेले की ७२ क्रमांकावर तार सप्तकातील तीच पट्टी येते. क्रमांक ६९, म्हणजे पांढरी सहा, हिची वारंवारता ४४० हर्ट्‌झ धरलेली आहे.

स्वर दाबला ही सूचना तीन बाइटांची असते : कोणत्या वाहिनीवर काय करायचे, कोणता स्वर, किती जोर. मिडीची तार सेकंदाला ३१,२५० बिट वाहून नेते, आणि तारेवर प्रत्येक बाइटासाठी १० बिट लागतात. म्हणजे एक सूचना पोचायला ३० ÷ ३१,२५० = ०.०००९६ सेकंद, जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो.

आता लय बदलायची तर फक्त सूचनांमधले अंतर बदलायचे. क्रमांक तेच राहतात, म्हणून सूर हलत नाही. उलट पट्टी बदलायची तर प्रत्येक क्रमांकात सारखीच संख्या मिळवायची. काळी एकची साथ पांढरी दोनमध्ये हवी? सगळीकडे १ मिळवा, झाले! तबकडीच्या चाकाला बांधलेली गाठ बेरजेने सुटली.

बारा खान्यांची साथ

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ संगीतात बारा खान्यांचा एक साचा फार प्रसिद्ध आहे, आणि जॅमिंगला बसणारे वादक बहुधा त्यापासूनच सुरुवात करतात. वहीत बारा चौकोन आखा. पहिल्या चार चौकोनांत ‘सी’ लिहा, पुढच्या दोनांत ‘एफ’, त्यापुढच्या दोनांत पुन्हा ‘सी’, नवव्यात ‘जी’, दहाव्यात ‘एफ’ आणि शेवटच्या दोनांत ‘सी’. प्रत्येक चौकोन चार मात्रांचा.

ही अक्षरे कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची नावे आहेत. ‘सी’ म्हणजे पांढरी एक, तीन आणि पाच. पांढरी एकला षड्ज मानले तर सा, ग, प. ‘एफ’ म्हणजे पांढरी चारपासून तशाच अंतरांनी घेतलेले म, ध, सां. ‘जी’ म्हणजे पांढरी पाचपासून प, नी, रें.

लय मिनिटाला १०० मात्रा ठेवू. एका मात्रेला ६० ÷ १०० = ०.६ सेकंद. बारा चौकोनांच्या ४८ मात्रा, म्हणजे एक फेरी २८.८ सेकंदांची. पाच फेऱ्या घेतल्या तर २ मिनिटे २४ सेकंद. सरावाला एवढे पुरे आहे.

आज्ञावलीला आपण दिली ती फक्त बारा अक्षरे आणि एक आकडा. बाकीचे ती ‘शैली’मधून घेते. शैली म्हणजे नियमांचे एक लहानसे कोष्टक. उदाहरणार्थ, खर्जासाठी नियम : पहिल्या मात्रेला कॉर्डचा मूळ स्वर, तिसऱ्या मात्रेला त्यापासून सात पट्ट्या वरचा स्वर. ‘सी’साठी ३६ आणि ४३, ‘एफ’साठी ४१ आणि ४८, ‘जी’साठी ४३ आणि ५०. नियम एकच, पण कॉर्ड बदलताच आकडे आपोआप सरकतात. ढोलाला कॉर्डशी कर्तव्य नाही. १९९१ मध्ये ठरलेल्या सामान्य यादीप्रमाणे दहावी वाहिनी तालवाद्यांची. तेथे ३६ म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, ३८ म्हणजे स्नेअर हा कडक आवाजाचा ढोल, आणि ४२ म्हणजे मिटलेली झांज.

मधली भरणी अधिक मनोरंजक आहे. ‘सी’ म्हणजे ६०, ६४, ६७. त्यातून ‘एफ’कडे जाताना तिन्ही बोटे पाच-पाच पट्ट्या उचलून ६५, ६९, ७२ वर नेता येतील, एकूण सरक १५ पट्ट्यांची. पण ‘एफ’चे तेच स्वर ६०, ६५, ६९ असेही घेता येतात. पहिले बोट जागचे हलत नाही, दुसरे एक पट्टी सरकते आणि तिसरे दोन. एकूण सरक फक्त ३. चांगला पेटीवादक नकळत हेच करतो, म्हणून त्याची साथ तुटक वाटत नाही. चांगल्या आज्ञावलीतही जवळची जागा शोधण्याचा असाच नियम असतो. ‘सी’वरून ‘जी’कडे जाताना सर्वांत कमी सरक किती, ते तुम्हीच शोधा. (उत्तर : ५९, ६२, ६७, एकूण सरक ३.)

या सगळ्या साथीला जागा किती लागते? प्रत्येक चौकोनात खर्जाचे २, भरणीचे ६ आणि तालवाद्यांचे १२ असे २० आवाज धरू. पाच फेऱ्यांचे ६० चौकोन, म्हणून १,२०० आवाज. प्रत्येकाला सुरू होण्याची आणि थांबण्याची सूचना, वेळेसकट सुमारे ८ बाइट. एकूण ९,६०० बाइट. हीच साथ सीडीच्या दर्जाने आवाज म्हणून साठवली, तर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी २ बाइट, दोन बाजू आणि १४४ सेकंद यांचा गुणाकार होतो २,५४,०१,६०० बाइट. अडीच हजार पटींहून अधिक! पाककृतीचा कागद आणि शिजलेले अन्न यांच्या वजनात असतो तसलाच हा फरक आहे.

फाशांचा खेळ

तोच साचा पाच वेळा तंतोतंत वाजला तर कान कंटाळतात. म्हणून शैलीच्या कोष्टकात एकाच जागेसाठी अनेक पर्याय ठेवलेले असतात आणि आज्ञावली त्यांतून यदृच्छेने निवड करते. ही युक्ती संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. १७९२ मध्ये मोझार्टच्या नावाने एक खेळ छापला गेला : दोन फासे टाका आणि बेरजेप्रमाणे तक्त्यातील चौकोन निवडून सोळा चौकोनांचे नृत्यसंगीत जुळवा. बेरीज २ ते १२, म्हणजे ११ पर्याय. सोळांपैकी एका चौकोनाला एकच पर्याय आहे आणि दुसऱ्या एकाला दोन. म्हणून एकूण रचना होतात २ गुणिले ११ चा १४ वा घात, म्हणजे सुमारे ७६० लाख कोटी. तरीही सगळ्या एकसारख्याच वाटतात, कारण तक्ता करणाऱ्याने कोणताही पर्याय शेजारच्याशी जुळेल याची काळजी घेतलेली आहे. यंत्राच्या साथीत जी सुरेलता ऐकू येते, ती अशी कोणातरी माणसाने आधी विचार करून कोष्टकात भरलेली असते.

गंधाराची गोष्ट

आता एक महत्त्वाचा इशारा. संगणकाने सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. म्हणजे प्रत्येक पट्टीची वारंवारता मागच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. ही संख्या बारा वेळा स्वतःशी गुणली की बरोबर २ येते. सोय मोठी, पण तिची किंमत द्यावी लागते. सी म्हणजे २६१.६ हर्ट्‌झ हा षड्ज घेतला, तर तंबोऱ्याशी एकरूप होणारा नैसर्गिक गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३२७.० हर्ट्‌झ येतो. संगणकाचा गंधार आहे ३२९.६ हर्ट्‌झ. फरक २.६ हर्ट्‌झ. दोन्ही एकदम वाजले, तर आवाज सेकंदाला २.६ वेळा चढतो-उतरतो. प्रयोगशाळेत दोन नादकाटे जवळजवळ वाजवून आपण हेच ऐकतो. याला विस्पंद म्हणतात. पंचमाच्या बाबतीत फरक फक्त ०.४ हर्ट्‌झचा असल्याने सहसा जाणवत नाही.

‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य आज्ञावली असेल, तर हे स्वतः पडताळून पाहा. ती कोणत्याही वारंवारतेचा शुद्ध स्वर निर्माण करते. एका ओळीवर ३२७.० आणि दुसऱ्या ओळीवर ३२९.६ हर्ट्‌झचा स्वर तयार करा, दोन्हींची पातळी निम्म्याहून कमी ठेवा आणि एकत्र वाजवा. दहा सेकंदांत २६ हेलकावे मोजता येतील.

पेटीबद्दलचा जुना वाद यातूनच समजतो. ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून पेटीला बंदी होती, ती १९७१ मध्ये अंशतः उठवण्यात आली. पेटीचे ठरलेले स्वर आणि तिच्यावर मींड घेता न येणे, हे त्या वेळचे मोठे आक्षेप होते. आपण यातून एक व्यावहारिक नियम काढू. गिटार, कीबोर्ड किंवा कॉर्डवर बेतलेले गाणे असेल, तर बारा समान भागांची साथ योग्यच आहे. रागाचा रियाज करायचा असेल, तर कॉर्ड बंद ठेवा. फक्त तंबोरा आणि ठेका ठेवा. नाहीतर कानाला चढा गंधारच खरा वाटू लागेल, आणि एकदा बसलेली सवय मोडणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण असते.

उशिरा येणारा आवाज

दुसरा इशारा वेळेचा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३.४ मीटर दूर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज एक शतांश सेकंद उशिरा पोचतो. एवढे चालते, मोठ्या रंगमंचावर वादक याहून दूर बसतात. पण बिनतारी इअरफोनमध्ये आवाज अंकांत बांधून पाठवावा लागतो आणि पुन्हा उलगडावा लागतो. त्यात एक-दोन दशांश सेकंद सहज जातात. ०.१५ सेकंद म्हणजे आपल्या लयीत पाव मात्रा!

गंमत अशी, की नुसते साथीबरोबर वाजवताना हा उशीर बाधत नाही. साथ उशिरा कानी आली, तरी आपण कानी आलेल्या साथीबरोबरच वाजवतो. पण तेच वादन संगणकावर साथीच्या शेजारच्या ओळीत मुद्रित केले, की आपण सर्वत्र पाव मात्रा मागे पडलेले दिसतो. अशा वेळी विद्यार्थी स्वतःला दोष देतो. दोष इअरफोनचा असतो. मुद्रण करायचे असेल, तर तारेचाच इअरफोन वापरावा.

यंत्र काय करत नाही

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण तयार केलेली ही साथ ऐकत नाही. गायक एखाद्या जागी रेंगाळला, तर जाणता तबलजी त्याला सांभाळून घेतो. मुलाचा श्वास कमी पडतो आहे हे ओळखून शिक्षक लय किंचित बदलतात. आपली बारा चौकोनांची फेरी मात्र २८.८ सेकंदांनी संपणार म्हणजे संपणार. साथीदार म्हणून हा मोठा दोष आहे. पण मोजपट्टी म्हणून हाच मोठा गुण आहे! कापडाबरोबर ताणली जाणारी मोजपट्टी कोणाच्या उपयोगाची?

म्हणून या साथीचा सर्वांत चांगला उपयोग ती वाजत असताना होत नाही, तर ती मधेच गप्प केल्याने होतो. पुढील प्रयोग वर्गातही करता येईल.

बारा चौकोनांची साथ तयार करा. पाच ते आठ या चार चौकोनांतले सर्व आवाज बंद करा. नवव्या चौकोनाच्या पहिल्या मात्रेला ढोल पुन्हा वाजू द्या. साथ ध्वनिक्षेपकावर लावा आणि एका विद्यार्थ्याला प्रत्येक मात्रेला टाळी वाजवायला सांगा. मधल्या शांततेतही त्याने टाळी चालू ठेवायची. हे सर्व मोबाइलवर मुद्रित करून ऑडॅसिटीत उघडा. टाळीचा आणि ढोलाचा टोकदार आलेख पडद्यावर स्पष्ट दिसतो, आणि त्यांतले अंतर सेकंदाच्या शतांशापर्यंत वाचता येते.

शांततेच्या सोळा मात्रांना ९.६ सेकंद लागायला हवेत. समजा, नवव्या चौकोनाची टाळी ढोलाच्या ०.३ सेकंद आधी पडली. म्हणजे विद्यार्थ्याने त्या सोळा मात्रा ९.३ सेकंदांत संपवल्या. त्याची लय १६ × ६० ÷ ९.३, म्हणजे सुमारे १०३ झाली. शंभरावर तीन! एरवी ‘तू पळतोस’ हे शिक्षकांचे वाक्य विद्यार्थ्याला टोचते. इथे तो स्वतःच आकडा वाचतो, त्यामुळे वाद उरत नाही. प्रत्येकाने पाच वेळा प्रयोग करून सरासरी काढावी. एखादा नेहमीच पुढे जातो, एखादा नेहमीच मागे राहतो, तर एखाद्याचा फरक कधी अधिक, कधी उणा असतो. पहिल्या दोघांची चूक एका दिशेची आहे, ती लक्ष देऊन सुधारता येते. तिसऱ्याला मात्र लय मनात मोजण्याचाच सराव हवा. प्रयोगशाळेत आपण उपकरणाची कायमची चूक आणि वाचनातला विखुरलेपणा यांत जो फरक करतो, तोच हा फरक.

पंधरा दिवस रोज दहा मिनिटे असा सराव करा आणि आकडे वहीत लिहीत जा. त्यानंतर ढोलकी किंवा तबला वाजवणाऱ्या मित्राला बोलवा, संगणक बंद ठेवा, आणि तेच बारा चौकोन दोघांनी मिळून वाजवून मुद्रित करा. आलेखावर बहुधा असे दिसेल, की घड्याळाच्या हिशोबाने दोघेही थोडे सरकलात, पण एकमेकांना सोडून नाही. कारण दोघेही एकमेकांचे ऐकत होतात. त्या आलेखावर मात्रांची अंतरे मोजा, आणि कोण कोणासाठी किती थांबला हे शोधून काढा.